हेवी मेटलसाठी ब्रिज पिकअप बदलायचाय : ड्रॉप सी मध्ये रिफ गढूळ होतोय

ड्रॉप_सी | १२ जून, रात्री ११:२०

नमस्कार मंडळी. पुण्यात राहतो, चार वर्षं इलेक्ट्रिक वाजवतोय. गिटार सुपरस्ट्रॅट घडणीची, बासवुडची बॉडी, २५.५ इंच स्केल, फिक्स ब्रिज (तारा बॉडीवर टेकतात तो भाग), दोन हंबकर, म्हणजे जोड कॉइलचे पिकअप (तारांची थरथर विजेच्या सिग्नलमध्ये बदलणारे भाग), एक ब्रिजपाशी आणि एक नेकपाशी. घरी इंटरफेस लावून लॅपटॉपवरच्या अँपमधून वाजवतो, शनिवारी जॅम रूममध्ये ट्यूब अँप मिळतो. थ्रॅश आणि डेथ मेटल, दोन गिटारी, ड्रॉप सी, म्हणजे सगळ्यात जाड तार ई वरून सी पर्यंत उतरवलेली.

जाड तारेवरचा पाम म्यूट (तळहाताची कड तारेवर टेकवून मारलेला घाव) ‘चग्’ असा तुटक यायला हवा, तो ‘भूऽम’ असा येतो. गॅलप (घोड्याच्या टापांसारखा तीन घावांचा ठेका) वेगात वाजवला की तीन घाव वेगळे कळतच नाहीत. पॉवर कॉर्ड कसाबसा निभावतो, पण त्यात आणखी एक सूर घातला की सगळं गढूळ. मागच्या आठवड्यात आमच्या ड्रमरनं रेकॉर्डिंग ऐकून विचारलं, इथे नक्की कुठला कॉर्ड आहे? ते मनाला लागलं.

आठ महिने पैसे साठवलेत. एकच पिकअप घ्यायचाय, ब्रिजचा. डोक्यात ही नावं आहेत: ईएमजी ८१, सेमूर डंकन डिस्टॉर्शन, सेमूर डंकन इन्व्हेडर, डिमार्झिओ सुपर डिस्टॉर्शन, बेअर नकलचा एखादा. जितका आउटपुट जास्त तितका आवाज जड, असं मी धरून चाललोय. बरोबर आहे का?

नऊ_व्होल्ट | १२ जून, रात्री ११:५२

ईएमजी ८१ घे. मी बारा वर्षं तोच वाजवतोय आणि डोंबिवलीतल्या ज्या इमारतीत राहतो तिथल्या जुन्या वायरिंगमध्येसुद्धा तो शांत राहतो.

हा अॅक्टिव्ह पिकअप आहे. आतल्या कॉइलला वेढे कमी, म्हणून मूळ सिग्नल लहान. तो पिकअपच्या आतच बसवलेला छोटा प्रीअँप वाढवतो आणि त्यासाठी ९ व्होल्टची बॅटरी लागते. त्यामुळे लांब केबलमध्ये वरचे सूर विरत नाहीत आणि गेन (आवाज किती फाटावा ते ठरवणारं बटण) चढवला तरी गुणगुण कमी राहते. मेटॅलिकाचे जेम्स हेटफिल्ड आणि कर्क हॅमेट, झॅक वाइल्ड, स्लेयरचा केरी किंग, या सगळ्यांच्या गिटारीत वर्षानुवर्षं ईएमजी होते. तुला हवा तो ‘चग्’ तिथलाच आहे.

तांब्याची_तार | १३ जून, सकाळी ७:०५

ड्रॉप_सी, पैसे खर्च करण्याआधी तीन गोष्टी सांग. तारांचा संच कुठला? शेवटचा फ्रेट दाबून धरल्यावर जाड तार आणि पिकअपचा पोल पीस (तारेखालचा लोखंडी खिळा) यांच्यात किती मिलिमीटर अंतर राहतं? आणि अँपवर गेन कितीवर असतो?

तुझा शेवटचा प्रश्न मात्र आत्ताच घेतो, कारण माझ्याकडे ठाण्यात गिटार दुरुस्तीला घेऊन येणारी बरीच मुलं हाच समज घेऊन येतात. आउटपुट वाढला की आवाज जड होतो असं नाही. डिस्टॉर्शन म्हणजे अँपच्या आवाक्यात न मावणारा सिग्नल छाटला जाणं. त्यात सगळ्यात मोठ्या लाटा खर्जाच्या असतात. पिकअपनं खर्ज भरभरून पाठवला की अँपमधली सगळी जागा तोच अडवतो आणि पिकचा घाव, कॉर्डमधला तिसरा सूर, सगळं त्याच्याखाली चेंगरतं. म्हणून रिफ कानाला जड वाटायला हवा असेल तर पिकअपमधून अँपकडे खर्ज बेतानंच जायला हवा. जडपणा पुढे मिळवायचा असतो, अँपच्या शेवटच्या टप्प्यात, कॅबमधून (स्पीकरच्या खोक्यातून), बेस गिटारमधून.

तू पुण्याचा आहेस, मिरवणुकीतलं पथक ऐकलं असशील. नुसते ढोल वाजत असतील तर लांबून एकसलग घुमणं ऐकू येतं. ताशा सुरू झाला की तोच ठेका स्वच्छ कळतो आणि ढोलसुद्धा जास्त ताकदीचे वाटायला लागतात. तुझ्या रिफमध्ये आत्ता ताशा नाही.

ड्रॉप_सी | १३ जून, सकाळी ९:४०

काका, तारा १०-४६ (बारीक तार ०.०१० इंच, जाड ०.०४६ इंच). अंतर पट्टीनं मोजलं, जेमतेम १ मिमी आहे. आवाज मोठा यावा म्हणून मीच स्क्रू फिरवून पिकअप वर घेतला होता. गेन ८ वर.

तांब्याची_तार | १३ जून, दुपारी १:१५

मग आधी हे कर.

४६ ची तार २५.५ इंच स्केलवर ईला लावली की तिच्यावर साधारण ८ किलोचा ताण असतो. तीच सी पर्यंत उतरवलीस की ताण ५ किलोवर येतो. अशी सैल तार मोठ्या घेरानं हलते. घाव बसताना सूर चढा लागतो, मग हळूहळू जागेवर येतो. हा सैलपणा कुठलाच पिकअप लपवू शकत नाही, चांगला पिकअप तर तो आणखी स्पष्ट ऐकवेल. ५६ ची तार सीला लावलीस तर ताण साडेसात किलोच्या आसपास जातो, म्हणजे ईला ४६ लावल्यासारखाच हाताला लागतो. ११-५६ चा संच घे. नटची (मानेच्या टोकाला तारा टेकतात त्या पट्टीची) खाच जाड तारेला अपुरी पडेल, ती बारीक फाइलनं बेताबेतानं रुंद करावी लागेल. ट्रस रॉड (मानेतली सळई) आणि इंटोनेशन (प्रत्येक फ्रेटवर सूर बरोबर लागणं) पुन्हा बघायला लागेल. हाताला सवय नसेल तर ओळखीच्या कारागिराकडून करून घे, नट एकदा जास्त घासला गेला की परत भरून येत नाही.

पिकअप खाली ने. पॅसिव्ह हंबकरला शेवटचा फ्रेट दाबून जाड तारेकडे सुमारे २.४ मिमी आणि बारीक तारेकडे सुमारे १.६ मिमी ही चालू सुरुवात. ड्रॉप सी साठी मी जाड बाजू ३ मिमीपर्यंत नेतो. पिकअप तिरका दिसेल, दिसू दे. तार जितकी जवळ तितका खर्ज फुगतो आणि घावाची धार बोथट होते.

गेन ८ वरून ५ वर आण. पहिल्यांदा वाजवताना आवाज पोकळ वाटेल. बँडबरोबर वाजवून बघ, मग ठरव.

घाटमाथा | १३ जून, रात्री ९:३०

माझी चूक इथे लिहून ठेवतो, ड्रॉप_सीच्या उपयोगी पडेल. पाच वर्षांपूर्वी मी फक्त ओहमचा आकडा बघून पिकअप घेतला होता. माझी गिटार महोगनीची, आवाज मुळातच भारदस्त. दुकानात सांगितलं की आकडा जितका मोठा तितकी ताकद, म्हणून सगळ्यात मोठ्या आकड्याचा उचलला. चार महिने अँपचा बास शून्यावर ठेवून वाजवलं. क्लीन आवाज तर निघेचना, व्हॉल्यूम ३ वर आणला तरी कॉर्ड फाटायचा. शेवटी निम्म्या किमतीला विकला. त्यानंतर गिटार हातात घ्यावीशीच वाटेना, ते नुकसान पैशांपेक्षा मोठं होतं.

मग हा आकडा नक्की सांगतो काय, हे कुणी नीट समजावेल का?

तांब्याची_तार | १४ जून, सकाळी ६:५०

घाटमाथा, मनापासून लिहिलंत. आकड्याबद्दल सविस्तर सांगतो.

पिकअपच्या माहितीत ‘डीसी रेझिस्टन्स १६ के’ (१६ हजार ओहम) असं लिहिलेलं असतं. तो कॉइलमधल्या तांब्याच्या तारेचा विरोध, इतकंच. तार बारीक घेतली तर वेढे तेवढेच ठेवूनही आकडा वाढतो. गिब्सनमध्ये सेथ लव्हर यांनी हंबकर घडवला, १९५५ मध्ये पेटंटचा अर्ज केला आणि १९५९ मध्ये पेटंट मिळालं. मधल्या काळातल्या पिकअपांना आपण पीएएफ (‘पेटंट अप्लाइड फॉर’) म्हणतो. त्यांत ४२ गेजची तार, जाडी सुमारे ०.०६३ मिमी, आणि आकडा साधारण साडेसात ते साडेआठ हजार ओहम. ४४ गेजची तार सुमारे ०.०५ मिमीची. तिनं गुंडाळलेल्या कॉइलचा आकडा भराभर चढतो.

सेमूर डंकनचा जेबी साधारण १६.४ के, त्यांचाच डिस्टॉर्शन साधारण १६.६ के. आकड्यांवरून जुळे भाऊ वाटतील. पण जेबीत अल्निको ५ चुंबक आहे आणि डिस्टॉर्शनमध्ये सिरॅमिक. जेबी मधल्या सुरांत गातो, लीडला फार गोड, खर्जाच्या बाजूला किंचित मऊ. डिस्टॉर्शनचा खर्ज आवळलेला, वरची धार जास्त. डिमार्झिओ सुपर डिस्टॉर्शन घ्या. १९७२ मध्ये आला, मूळ पिकअप काढून त्या जागी बसवायला म्हणून विकला गेलेला हा पहिलाच पिकअप. त्याचा आकडा १३.७ के च्या आसपास, या दोघांहून कमी, आणि तरी अँपला सणसणीत धडक देतो.

आणखी एक. तांब्याचा विरोध तापमानाबरोबर वाढतो, दर अंशाला सुमारे ०.३९ टक्के. २० अंशाला १६.४ के दाखवणारा पिकअप नागपूरच्या मे महिन्यात ४० अंशाला मोजलात तर मीटर १७.७ के च्या आसपास दाखवेल. पिकअप तोच. मीटरवर वेगळा आकडा दिसला म्हणून माल खोटा निघाला असं समजून घाबरलेली मुलं माझ्याकडे आली आहेत. हा आकडा मी तार तुटली आहे का, हे तपासायला वापरतो. स्वभाव ओळखायला चुंबक कुठलं, इंडक्टन्स किती आणि रेझोनन्सचं शिखर कुठे, हे बघावं लागतं.

फ्रेटवरची | १४ जून, सकाळी १०:२५

काकांच्या ‘खर्ज बेतानं’ला माझा पूर्ण दुजोरा. नाशिकला घरीच रेकॉर्डिंग करते, दुसऱ्या बँडांचेही ट्रॅक मिक्स करून देते. गढूळ रिफ आला की मी पहिल्यांदा अँपच्या आधी ट्यूब स्क्रीमर लावते. ड्राइव्ह शून्य, लेव्हल पूर्ण, टोन मध्यावर. हा पेडल साधारण ७२० हर्ट्‌झच्या खालचा भाग वरच्या भागाइतका वाढवत नाही, त्यामुळे अँपकडे पोचणारा खर्ज आपोआप आवळला जातो. ड्रॉप सीची मोकळी तार ६५ हर्ट्‌झची. तिच्या मूळ सुरापेक्षा वरचे स्वरांशच आपल्याला ‘चग्’ ऐकवतात. ड्रॉप_सी, तुझ्या लॅपटॉपवरच्या अँपमध्ये याची नक्कल असेलच, फुकट करून बघता येईल.

ही युक्ती मेटलइतकीच जुनी आहे. टोनी आयोमी डावखुरा. बर्मिंगहॅमच्या पत्र्याच्या कारखान्यात त्याच्या उजव्या हाताच्या मधल्या बोटाची आणि अनामिकेची टोकं गेली. प्लास्टिक वितळवून स्वतःच टोपणं केली, बारीक तारा लावल्या, पुढे सूरही उतरवला. ब्लॅक सॅबथच्या १९७० च्या पहिल्या अल्बमच्या वेळी त्याच्या गिब्सन एसजी गिटारीत पी-९० जातीचे सिंगल कॉइल होते, आजच्या हिशेबानं आउटपुट अगदी बेताचा. अँपच्या आधी मात्र डॅलस रेंजमास्टर, म्हणजे ट्रेबल बूस्टर. सगळ्या जड संगीताचा उगम जिथे मानतात तिथे वरचे सूर वाढवून अँपला दिले जात होते. हे पहिल्यांदा कळलं तेव्हा मी सगळे जुने प्रीसेट उघडून खर्ज कमी करत बसले होते.

आणि एक कर. अँपशिवायचा कोरा डीआय ट्रॅक आत्ताच रेकॉर्ड करून ठेव. गॅलप, तीन सुरांचा कॉर्ड, मोकळी जाड तार, दोन मिनिटं पुरेत. प्रत्येक बदलानंतर तेच वाजव आणि एकाच प्रीसेटमधून ऐक. आधीचा आवाज कसा होता, हे कान दोन दिवसांत विसरतात.

रिफवेडा | १४ जून, सकाळी ११:००

वाचतोय. चालू ठेवा.

ड्रॉप_सी | २२ जून, रात्री १०:१५

आठवडाभर सगळं केलं. ११-५६ लावल्या, नट कारागिराकडून करून घेतला. पिकअप जाड बाजूला ३, बारीक बाजूला २ मिमीवर. गेन ५. ट्यूब स्क्रीमरची नक्कल लावली. ताई, तुम्ही सांगितलंत तसे डीआय आधीच घेऊन ठेवले होते.

पहिला आणि शेवटचा ट्रॅक लागोपाठ ऐकले आणि गप्प बसून राहिलो. ही गिटार विकायचा विचार मी एप्रिलमध्ये केला होता. गॅलपचे तीन घाव आता मोजता येतात. शनिवारी जॅम रूममध्ये गेन कमी ठेवून वाजवलं, तर दुसऱ्या गिटारिस्टला वाटलं की मी अँपच बदललाय.

काय उरलंय तेही सांगतो. तीन सुरांच्या कॉर्डमध्ये मधला सूर अजून धूसर आहे. घावाची सुरुवात स्वच्छ, पण शेपूट मऊ. आणि जॅम रूमच्या अँपवर आवाज वाढवला की वाजवत नसतानाही बारीक, कर्कश शिट्टी सुरू होते. म्हणजे आता पिकअपचा विचार करायला हरकत नाही ना?

तांब्याची_तार | २३ जून, सकाळी ७:३०

शाब्बास. आता विचार करू.

शिट्टीबद्दल आधी. ती मायक्रोफोनिक आहे. कॉइलचे वेढे आत सैल असले की ते स्पीकरच्या आवाजानं स्वतःच थरथरतात आणि तो थर परत अँपमध्ये जातो. चांगल्या पिकअपांत कॉइल मेणात मुरवलेली असते. घरीही करता येतं. पॅराफिनमध्ये थोडं मधमाशीचं मेण मिसळून पाण्यावरच्या भांड्यात साधारण ६५ अंशावर ठेवायचं, पिकअप त्यात बुडवून बुडबुडे थांबेपर्यंत वाट बघायची. थेट आचेवर कधीही नाही, मेण पेट घेतं, आणि जास्त तापलं तर बॉबिनचं प्लास्टिक वाकतं. तुझा ब्रिज पिकअप बदलायचाच आहे तर तो खटाटोप नको.

तुझी यादी बघू. इन्व्हेडरमध्ये तीन सिरॅमिक चुंबकं आणि रुंद टोप्यांचे पोल पीस, आवाज प्रचंड आणि खर्ज भरपूर. पंकला, साध्या ट्यूनिंगच्या रुंद पॉवर कॉर्डला झकास. तुझ्या तक्रारीच्या उलट दिशेला जातो. सुपर डिस्टॉर्शनचा मधला भाग मांसल, बासवुडचाही मधला भाग पुढे असतो, दोन्ही मिळून थ्रॅशला चालेल, ड्रॉप सीच्या डेथ मेटलला मला थोडा गुबगुबीत वाटतो. डंकन डिस्टॉर्शन तुझ्या गिटारीला शोभेल असं माझं मत.

फ्रेटवरची | २३ जून, सकाळी ११:१०

इथे माझं काकांशी थोडं वेगळं मत. डंकनचा नाझगुल विचारात घ्यायला हवा. सिरॅमिक चुंबक, आकडा साधारण १३.६ के, उतरवलेल्या सुरांसाठीच घडवलेला, ७ आणि ८ तारांच्या गिटारींतही मिळतो. मी मिक्स केलेल्या दोन बँडांच्या ट्रॅकमध्ये तो होता आणि इक्यूला फारसा हात लावावा लागला नाही.

बेअर नकल इंग्लंडमध्ये कॉर्नवॉलला बनतात. आफ्टरमॅथ तुझ्या कामाचा आहे, घट्ट आणि फार चटकन बोलणारा. पण आठ महिन्यांची बचत, त्यात परदेशातून मागवायचा म्हणजे कस्टम ड्यूटी आणि जीएसटी. त्या फरकात चांगला ऑडिओ इंटरफेस येईल, मी तिकडे पैसे घालेन.

पुण्यात २०१३ च्या वीकेंडर संगीत महोत्सवात मेशुगा (मेटल बँड) वाजवून गेले, मी गर्दीत होते. आठ तारांच्या गिटारी, इतका खालचा सूर, आणि प्रत्येक घाव सुटा, कापल्यासारखा. त्यांच्या गिटारींत स्वीडनच्या लुंडग्रेनचे पिकअप असतात. त्या रात्री घरी येऊन मी गेन निम्मा केला तो आजतागायत.

नऊ_व्होल्ट | २३ जून, दुपारी ४:४५

ईएमजीची बाजू सोडत नाही, पण ड्रॉप_सीला अर्धवट माहितीवर पाठवायचं नाही, म्हणून अडचणीही लिहितो.

८१ ला २५ के चे पॉट (व्हॉल्यूम-टोनच्या बटणांखालचे भाग) लागतात, पॅसिव्हला ५०० के चे. एकच पिकअप बदलून नेकला जुना पॅसिव्ह ठेवलास तर दोघांची जुळणी किचकट होते, त्यामुळे जोडीच घ्यावी लागते. ८१ ब्रिजला, ८५ किंवा ६० नेकला. बॅटरीला मागच्या पोकळीत जागा आहे का बघ. जॅक स्टिरिओ बसवतात, केबल आत गेली की बॅटरी चालू होते. वाजवून झाल्यावर केबल काढायची सवय लावावी लागते. ब्रिजला जाणारी अर्थची वायर ईएमजीला लागत नाही, ती सोडवून टाकायची. जुन्या घरात दोन पिनांचं सॉकेट असेल तर ही फार मोठी गोष्ट आहे, तारांमार्फत झटका बसायचा धोका कमी होतो. पण त्यावर विसंबू नका, खोलीचं अर्थिंग इलेक्ट्रिशियनकडून तपासून घ्याच. हे सगळ्यांनाच सांगतोय.

फिशमन फ्लुएन्सचाही उल्लेख राहिला. त्यात गुंडाळलेल्या तारेऐवजी छापील थर असतात, एका पिकअपमध्ये दोन आवाज मिळतात. त्यालाही वीज लागते. जोडीचं बजेट असतं तर आज मी तिकडे बघितलं असतं.

एकच पिकअप घ्यायचा असेल तर पॅसिव्हच घे.

सातासमुद्र | २४ जून, पहाटे ५:३०

न्यू जर्सीहून. दिवाळीत पुण्याला येतोय, कुणाला पिकअप हवा असेल तर आणेन. सध्या एवढंच सांगतो, तारांमधलं अंतर मोजल्याशिवाय मागवू नका. मी एकदा मोजलं नाही आणि दोन्ही कडांच्या तारा पोल पीसच्या बाहेर गेल्या.

ड्रॉप_सी | २४ जून, रात्री ९:००

मोजलं. ब्रिजपाशी पिकअपवर पहिल्या तारेपासून सहाव्या तारेपर्यंत ५२ मिमी.

तांब्याची_तार | २५ जून, सकाळी ७:१०

मग रुंद अंतराचा घे. डंकन त्याला ट्रेमबकर म्हणतात, डिस्टॉर्शनचा टीबी-६. डिमार्झिओवाले एफ-स्पेस म्हणतात. कुठला घ्यायचा ते तू ठरव, ताईंचा नाझगुलही चुकीचा नाही. तुम्ही थ्रॅश वाजवता आणि लीडही तूच घेतोस, म्हणून मी डिस्टॉर्शनवर ठाम आहे. नाझगुल मला रिदमपुरता जास्त आवडतो.

पॉट मोजून घे. ५०० के लिहिलेले पॉट प्रत्यक्षात ४०० पासून ६०० पर्यंत कुठेही निघतात. ब्रिजच्या व्हॉल्यूमला जास्त आकड्याचा लाव, वरची धार टिकते. नवे घ्यायचे असतील तर आधी बॉडीचं भोक बघ. आशियात बनलेल्या बऱ्याच गिटारींत ते बारीक असतं आणि अमेरिकी मापाच्या सीटीएस पॉटला साडेनऊ मिमी लागतात. सोल्डर, कपॅसिटर, मल्टिमीटर मुंबईत लॅमिंग्टन रोडला सगळं मिळतं.

ड्रॉप_सी | १३ जुलै, रात्री ११:४५

टीबी-६ आला, आज बसवला. काका, रंगांचा तक्ता बघूनच केलं: काळी वायर स्विचला, लाल आणि पांढरी एकमेकींना जोडून टेप, हिरवी आणि उघडी वायर अर्थला. ब्रिज एकटा झकास चालतोय. नेक एकटा ठीक. पण स्विच मधोमध ठेवला की आवाज बारीक, नाकातला, खर्ज गायब. माझं सोल्डर कुठे चुकलं असेल? दोन तास शोधतोय.

तांब्याची_तार | १४ जुलै, सकाळी ६:४०

तुझं सोल्डर चुकलेलं नाही, दमू नकोस. दोन पिकअप उलट फेजमध्ये आहेत. दोन वेगळ्या घरचे पिकअप एकत्र आले की असं होतं, एकाची लाट वर जाते तेव्हा दुसऱ्याची खाली, आणि खर्ज एकमेकांना खाऊन टाकतो. नव्या पिकअपची काळी आणि हिरवी अदलाबदल कर. हिरवी स्विचला, काळी अर्थला. उघडी वायर मात्र अर्थलाच राहू दे, ती कवच आहे. लाल-पांढऱ्या जोडीला हात लावायचा नाही.

ड्रॉप_सी | १४ जुलै, रात्री ८:२०

झालं! मधली जागा आता भरलेली वाजते.

आता ब्रिजबद्दल. जाड बाजू २.८ मिमी, बारीक बाजू २ मिमीवर ठरली. पहिल्यांदा वाजवला तेव्हा मोठा वाटला नाही, उघडा वाटला. माझ्या चुका ऐकू यायला लागल्या, डावा हात तार वेळेत सोडत नाही हे कळलं. तीन सुरांच्या कॉर्डमधला मधला सूर दिसतो आहे, दुसरा शब्द सुचत नाही. शिट्टी पूर्ण बंद. ट्यूब स्क्रीमर अजून ठेवलाय, पण लेव्हल कमी केली. ड्रमरला तोच जुना रिफ पाठवला. त्यानं कॉर्डचं नाव बरोबर लिहून पाठवलं.

काका, ताई, नऊ_व्होल्ट दादा, तुम्ही इतकं सविस्तर लिहिलं नसतंत तर मी १३ जूनलाच इन्व्हेडर मागवला असता आणि १०-४६ च्या तारांवर, १ मिमीच्या अंतरावर वाजवत बसलो असतो.

फ्रेटवरची | १४ जुलै, रात्री ९:०५

वा! तो डीआय ट्रॅक पाठव, मिक्समध्ये टाकून बघते. जुना पिकअप फेकू नकोस, मेणात मुरवायचा सराव त्याच्यावर कर.

रिफवेडा | १६ जुलै, दुपारी १२:३०

हा धागा वाचून मीही आधी तारा बदलल्या, आता डिमार्झिओ सुपर डिस्टॉर्शन आणलाय. माझं ट्यूनिंग साधं ई, गिटार महोगनीची. वरच्या रंगांप्रमाणे काळी वायर स्विचला लावली तर चालेल ना?

तांब्याची_तार | १६ जुलै, दुपारी १२:४८

थांब, डिमार्झिओचे रंग वेगळे. लाल स्विचला. काळी आणि पांढरी एकमेकींना जोडून टेप. हिरवी आणि उघडी अर्थला. सोल्डर करण्याआधी जुन्या जोडणीचा फोटो काढून ठेव.